सैल जोड

नांदेड-लातूरकडच्या माणसाने मोटारबोटीच्या दुरुस्तीवर लेख लिहायला बसावे, याचे वाचकांना हसू आले तर त्यात त्यांचा काही दोष नाही. होडीबद्दल कोकणातल्या माणसाने बोलावे. आम्ही बोलावे ते बैलगाडीबद्दल, फार तर ऑइल इंजिनाबद्दल, अशी साऱ्यांची समजूत. त्यातून लातूरचे नाव काढले की लोकांना आठवते ती पाण्याची आगगाडी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेली ती गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर तोडून १२ तारखेला लातुरात पोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. ज्या गावाने पिण्याचे पाणी रुळांवरून येताना पाहिले, त्या गावाने बोट कुठे पाहिली असणार?

पण मी सांगतो आहे ती बोट लातूरकडचीच. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यात, धनेगावला आहे. ते भरलेले असताना एका हौशी गृहस्थाने ही बोट कुठूनशी आणली. पांढऱ्या फायबरचे अंग, मागे टांगलेले पंचवीस अश्वशक्तीचे पेट्रोलचे जुने इंजिन, कळ दाबली की सुरू होणारे. मग पाणी मागे मागे हटत गेले आणि बोट कोरड्यात राहिली. तिला उचलून लातुरात एका पत्र्याच्या शेडमध्ये ठेवण्यात आले. धरण पुढे पुन्हा भरले. गृहस्थांची हौस मात्र एकदा आटली ती आटलीच.

ही बोट माझ्या भाच्याने गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात विकत घेतली. त्याचे गाव नांदेडच्या वरच्या अंगाला, विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्यावर आहे. घर या काठाला आणि निम्मी शेती फुगवट्याने भरलेल्या ओढ्यापलीकडे. रस्त्याने जावे तर मोठा वळसा. पाण्यावरून गेले तर दहा मिनिटे. निंदणी-खुरपणीच्या दिवसांत बाया घेऊन जायच्या, खताची पोती न्यायची, सोयाबीन आणायचे, या हिशेबाने त्याने उसनवारी करून बोट घेतली. लातूरची मांजरा शेवटी नांदेडच्या पुष्कळ खाली जाऊन गोदावरीलाच मिळते. बोट मात्र अहमदपूर-लोह्याच्या रस्त्याने, टेम्पोत बसून आली!

बोट उतरवून घेताना माझी आक्का, म्हणजे भाच्याची आई, ओसरीवर उभी होती. तिने एकदा बोटीकडे आणि एकदा लेकाकडे पाहिले. "म्हैस घेतली असतीस तर दूध तरी दिलं असतं," एवढेच म्हणून ती आत गेली.

पुढचे पंधरा दिवस तिचे म्हणणे खरे ठरणार असेच दिसत होते. कळ दाबली की इंजिनातून 'कट् कट् कट्' असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. पोरे जमायची, सल्ले द्यायची. कुणी म्हणे बॅटरी मेली, कुणी म्हणे स्टार्टर जळला, कुणी म्हणे इंजिनच बांधून घ्या. भाचा नवी बॅटरी आणायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवले आणि लातूरच्या चाचांना बोलावून घ्यायला सांगितले.

हे चाचा म्हणजे गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत बसणारे जुने मिस्त्री. ट्रॅक्टर, ऑइल इंजिने, स्टार्टर, डायनॅमो यांवर त्यांचा जन्म गेला. बोट त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्याचे त्यांना काही वाटतही नव्हते. "गुरुजी," ते मला म्हणाले, "इंजन पाण्यावर असू द्या का जमिनीवर. त्याला पेट्रोल लागतं, ठिणगी लागते, दाब लागतो. ह्या तिघांतलं कोण रुसलंय, येवढंच इचारायचं. पैले इचारायचं, मग खोलायचं."

मी तीस-पस्तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. परंतु शास्त्रीय पद्धत म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात मला कुठल्या पुस्तकात सापडलेले नाही.

चाचांनी मीटर काढला. बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर साडेबारा व्होल्टच्या वर. म्हणजे ती भरलेली. मग भाच्याला कळ दाबायला सांगितली. आता, स्टार्टर जेव्हा खरोखर जोर लावतो तेव्हा भली बॅटरीसुद्धा दहा-साडेदहापर्यंत खाली येते. ही तर जेमतेम हलली. "बघा," चाचा म्हणाले, "हिच्या डोक्यावर वजन आलंच न्हाई. ही दमली न्हाई, हिला कुणी काम सांगितलंच न्हाई." मग त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली. ही दोन्ही ठिकाणे जाड केबलने जोडलेली असल्यामुळे तिथे मीटरने जवळजवळ काहीच दाखवायला नको. कळ दाबताच आकडा नवाच्या आसपास नाचू लागला.

वाचकहो, विजेच्या तक्रारीत याहून बोलका पुरावा नाही. जिथे शून्य असावे तिथे नऊ व्होल्ट दिसतात, याचा अर्थ बॅटरीचा बहुतेक सगळा जोर तिथेच, त्या केबलच्या जोडातच, खर्ची पडतो आहे. स्टार्टरपर्यंत पोचतो तो उरलासुरला प्रसाद. चाचांनी बोल्ट सोडवला. बाहेरून ठाकठीक दिसणाऱ्या थिंबलखाली हिरवट-पांढरी पूड साठली होती, आणि केबलचे वेष्टण कापून पाहिले तर आतली तांब्याची तार वीतभर काळी पडलेली. काळा भाग छाटला, नवे थिंबल दाबून बसवले, लोखंड पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासले, वरून व्हॅसलीन लावले. सगळा मिळून खर्च चहापाण्याइतका. कळ दाबली आणि इंजिन गरागरा फिरू लागले.

विजेला आणि इंजिनाला एकमेकांच्या नावावर खपवण्याची रीत तशी जुनीच आहे. गॉटलीब डाइमलर या जर्मन इंजिनियराने १८८६ साली आपले छोटे पेट्रोल इंजिन एका नावेत बसवून नेकार नदीवर चालवले. पेट्रोलचे इंजिन म्हणजे आता स्फोट होणार, या भीतीने लोक जवळ येईनात. तेव्हा त्याने म्हणे नावेभोवती तारा आणि चिनीमातीच्या खुंट्या लावून दिल्या. लोकांना वाटले, नाव विजेवर चालते. आणि ते निर्धास्त झाले. आमच्याकडे आज उलटा प्रकार आहे. इंजिनाचा काहीही रोग असो, पहिला आळ बॅटरीवर!

इंजिन फिरू लागले खरे, पण पेट घेईना. चाचांनी ठिणगीचा प्लग काढून पाहिला. तो ओला असता तर पेट्रोल येते आहे पण ठिणगी पडत नाही, असा अर्थ झाला असता. हा कोरडा ठणठणीत. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हते. कार्बुरेटर उघडला, तर बारीक भोकांवर पिवळसर चिकट थर बसलेला. गुळाचा पाक कढईला लागून कडक व्हावा तसा. टाकीत वर्षानुवर्षे राहिलेले पेट्रोल उडून गेले होते आणि मागे हा राळेसारखा गाळ ठेवून गेले होते. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते; २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना मऊ करते. उसाच्या मळीपासून होणारा हा पदार्थ साखर कारखान्यांच्या आमच्या मुलुखाला परका नाही, पण जुन्या नळ्यांना तो मानवत नाही. तेव्हा नळ्या बदलल्या, गाळणी बदलली, भोके साफ केली. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रूही ढिला करून ठेवला; तो आवळलेला राहिला की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल ओढले जात नाही आणि नळीतला रबरी फुगा चिपाडासारखा चपटा होतो.

या ठिकाणी एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली. हे इंजिन कामाने झिजलेले नव्हते. गाळ, गंज, वाळलेले रबर हे सारे उभे राहण्याचे रोग होते. थंड पाणी ओढणारा रबरी पंखा तर इतका ताठ झाला होता की त्याची पाती एका बाजूला वाकली ती तशीच राहिलेली. तो मुंबईहून मागवला. तो बसवल्यावर इंजिनाच्या कुशीतून पाण्याची बारीक धार बाहेर पडू लागली, तेव्हा काठावरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. ती धार म्हणजे या इंजिनाची नाडी. ती दिसते आहे तोवर आतले पाणी खेळते आहे. ती थांबली की, जलपर्णी अडकली असो की पंखा गेला असो, इंजिन तत्काळ बंद करायचे. आमच्या गोदावरीत जलपर्णीला तोटा नाही, म्हणून भाच्याची नजर पुढे कमी आणि त्या धारेकडे जास्त, असे काही दिवस चालले.

आता सारे सुरळीत झाले, असे वाटून चाचा लातूरला गेले. आणि खरी गंमत, तिला गंमत म्हणायचे असेल तर, तिथून सुरू झाली.

बोट अधूनमधून ऐन पाण्यात बंद पडू लागली. काठावर दिवसभर चालवा, तक्रार नाही. रिकामी फिरवा, नाही. कामाच्या बाया घेऊन निघाले की मात्र एखाद्या दिवशी मध्येच गप्प! दोरी ओढली की पुन्हा सुरू. असे दोन-तीनदा झाले. एकदा तर वाऱ्याच्या दिवशी ती बंद पडली. पाणी हेलकावे खात होते, बोटीत पाच बाया आणि एक तान्हे मूल. बोट हळूहळू बाभळीच्या बुडालेल्या झाडांकडे सरकू लागली. चौथ्या झटक्याला इंजिन लागले, पण तोवर बायांच्या तोंडचे पाणी पळाले होते. दुसऱ्या दिवशी एकही बाई काठावर आली नाही. गावात बोलवा उठली की बोटीला बायांचे वावडे आहे. कुणी लिंबू-मिरची बांधली. कुणी सांगितले की लातूरला हिच्यावर काहीतरी झाले असेल, चौकशी करा. आक्का भाच्याला एवढेच म्हणाली, "धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याला ओढ लागते, हे तुला ठाऊक आहे. पावसाळ्याच्या आत हिला काढून टाक."

बोट काढून टाकणे सोपे नव्हते, कारण बंद पडणारी बोट घेतो कोण? आणि उसने घेतलेले पैसे तर होतेच. भाचा रात्री जेवेनासा झाला.

मी चाचांना फोन लावला. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "गुरुजी, ते बंद कसं पडायलंय? गुरगुरत, खोकत पडतंय, का दिवा विझल्यागत फटकन?"

"दिवा विझल्यासारखे," मी म्हणालो.

"मग पेट्रोलच्या नादी लागू नका. पेट्रोल कमी पडलं तर इंजन रडत रडत मरतं. फटकन मेलं तर ठिणगी तुटली. कवा तुटते ते लिहून ठेवा. माझ्यासाठी एक वही घाला."

वही घालणे हे तर माझे जन्माचे काम. शाळेची जुनी दोनरेघी वही घेऊन मी रोज बोटीत बसू लागलो. तारीख, वेळ, बोटीत माणसे किती, वारा कुठला, इंजिनाचा वेग काय, सुकाणूचा दांडा कुठे. आठ दिवसांत सहा वेळा इंजिन बंद पडले. वही उलगडून बसलो, तर वेळेत मेळ नाही, वाऱ्यात नाही, वेगात नाही. मेळ होता तो एकाच रकान्यात. सहाही वेळा दांडा एका अंगाला पुरता वळवलेला होता. आणि तो इतका वळवावा लागे तो एकाच ठिकाणी, बाया जिथे उतरत त्या धक्क्याकडे वळताना. रिकामी बोट तिकडे कशाला जाईल? बायांचे वावडे ते हे!

चाचांना कळवले. ते म्हणाले, "आता दांड्याच्या बुडाशी जा. ठिणगी बंद करायची तार तिथूनच गेलेली असंल."

अशा इंजिनांना बंद करण्याची रीत मोठी मौजेची असते. ठिणगीची वीज एका तारेने इंजिनाच्या लोखंडाला भिडवली की ठिणगी पडत नाही आणि इंजिन थांबते. चालकाच्या मनगटाला एक दोरी असते. चालक पाण्यात पडला तर दोरी ओढली जाते, ती तार लोखंडाला भिडते आणि बोट त्याला सोडून धावत नाही. ही प्राण वाचवणारी सोय. आमच्या बोटीत ती तार दांड्याच्या बिजागरीवर घासून एका जागी गव्हाच्या दाण्याएवढी उघडी पडली होती. दांडा पुरता वळला की उघडी तार लोखंडाला टेके. इंजिनाला वाटे, मालक पाण्यात पडला. ते इमानाने थांबे!

ज्याला आम्ही दगाबाज म्हणत होतो, ते इंजिन खरे म्हणजे आज्ञा पाळत होते. आज्ञा तेवढी चुकीच्या ठिकाणाहून येत होती.

तारेचा तुकडा बदलला, वरून जाड नळी घातली, बिजागरीपासून दूर पट्टीने आवळून बसवली. मग मी आणि भाच्याने त्या धक्क्याशी पन्नास वेळा दांडा वळवून पाहिला. काठावर आक्का येऊन उभी होती. पन्नासाव्या वेळेनंतर ती काही न बोलता बोटीत येऊन बसली. पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "चला, मला पलीकडचं शेत दाखवा. चार वर्षं झाली, पाय दुखतात म्हणून गेले नाही." भाच्याने तिच्या अंगावर नारिंगी जाकीट चढवले. पलीकडे उतरल्यावर ती बराच वेळ बांधावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी बाया आल्या.

तो पावसाळा साधा नव्हता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्याने पाण्याचे जे रूप पाहिले ते कुणी विसरणार नाही. १८ तारखेला मुखेड तालुक्यातल्या गावांत रातोरात पाणी शिरले, माणसे दगावली, लोकांना काढण्यासाठी आपत्तीची पथके आणि लष्कर यावे लागले. आमच्या गावावर तसा प्रसंग नव्हता. पण त्याच महिन्यात एका संध्याकाळी ओढ्याचे पाणी चढू लागले, आणि पलीकडच्या आखाड्यावर दोन सालगडी कुटुंबे अडकली. रस्त्याच्या पुलावरून पाणी गेलेले. अंधार पडायला तासभर अवकाश होता. भाच्याने दोन खेपा केल्या. आठ माणसे आणि चार शेळ्या या काठाला आल्या. धक्क्याशी दोन्ही वेळा दांडा पुरता वळवावा लागला. मी काठावर उभा राहून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. आवाजात खंड पडला नाही. शौर्याचे काही घडले नाही; घडू नये यासाठीच तर ती वही होती.

यंत्राच्या दुरुस्तीत हात काळे करणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ. पण यंत्राला नीट प्रश्न विचारणारी थोडी. शेतकऱ्याला हे कळत नाही असे नाही. डिझेलचे इंजिन बंद पडले तर 'हवा धरली' म्हणून नळी ढिली करून बुडबुडे जाईपर्यंत तो थांबतो. मोटार पाणी ओढीना तर आधी फूटव्हॉल्व्ह पाहतो, ज्याला आमच्याकडे सरळ फुटबॉल म्हणतात. मोटार नुसतीच घुमली तर 'एक फेज गेला' हे तो आवाजावरून सांगतो. जुन्या, ओळखीच्या यंत्राशी तो असा शहाण्यासारखा बोलतो. नवे किंवा परके यंत्र आले की मात्र आपला धीर सुटतो, आणि एकदम नवी बॅटरी, नवा स्टार्टर, नवे इंजिन! एका वेळी तीन गोष्टी बदलल्या तर रोग कशाने गेला हेही कळत नाही, आणि पैसे तर गेलेलेच असतात.

चाचांचा हिशेब याच्या उलट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्वस्त आणि उघडी गोष्ट आधी पाहायची, महाग आणि झाकलेली नंतर. आणि संशय घ्यायचाच तर आधी जोडावर घ्यायचा. "गुरुजी," ते एकदा म्हणाले, "आमच्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. गर्दी तुंबते ती रस्त्यात न्हाई, मिळतात तिथं."

दिवाळी आली आहे. पुष्कळ घरांत आज माळ्यावरून गेल्या वर्षीचा आकाशकंदील उतरेल, दिव्यांची माळ उलगडली जाईल, आणि ती लागणार नाही. मुले म्हणतील, नवी आणा. आणावी, सण आहे. पण त्याआधी खटका बंद करून, पिन काढून, दहा मिनिटे त्या माळेपाशी मुलांना घेऊन बसावे. कुठल्या दिव्यापर्यंत उजेड येतो आणि कुठून पुढे नाही, हे त्यांनाच शोधू द्यावे. बहुधा एखादी तार कुठेतरी सुटलेली निघेल. ती सापडल्यावर त्यांच्या तोंडावर जो उजेड येतो, तो दुकानात मिळत नाही.

आक्का हल्ली बोटीला म्हैसच म्हणते. सोयाबीनच्या दिवसांत ती रोज दोनदा धुते, आणि दर रविवारी भाच्याला विचारते, "जोड बघितलेस का रे?"